मार्केटिंगचं नेमकं काय वाचावं? विदर्भातल्या गावातून धंदा उभा करणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत आता नव्या धंद्यांची चांगली हालचाल दिसते. कुणी ड्रोनने फवारणी करून देतो, कुणी जवसाची चटणी पाकिटात भरतो, वरुड-मोर्शीकडे संत्र्यावर प्रक्रिया करायचे बेत चालतात, गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुलांचे पदार्थ करणारे बचत गट आहेत. माल बहुतेकांचा चांगला असतो. घोडं अडतं ते विकण्यापाशी. मग माणूस मोबाइलवर 'मार्केटिंग कसं करायचं' असं शोधतो आणि रील्स, फुकट वेबिनार, वेबिनारच्या शेवटी महागडा कोर्स अशी रांगच लागते. रात्री दोन तास त्यात घालवूनही सकाळी किराणा दुकानदारासमोर काय बोलायचं, ते उमगलेलं नसतं.

मार्केटिंगवर खरोखर चांगलं लिहिलेलं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. पण ते हाताशी असलेल्या प्रश्नाला धरून वाचलं तरच लागू पडतं. 'वाचायलाच हवीत अशी पंचवीस पुस्तकं' छापाची यादी घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली, तर तिसऱ्या पुस्तकाला हंगाम निघून जातो. म्हणून इथे पुस्तकांच्या आधी प्रश्न घेते.

पायरी पहिली: प्रश्न कागदावर लिहा

'विक्री कशी वाढवू?' या प्रश्नाला धरून काही वाचता येत नाही. त्याला गाव, माणूस आणि घटना जोडा. उदाहरणार्थ:

'यवतमाळच्या किराणा दुकानदाराने माझी बारा पाकिटं ठेवून घेतली, त्यातली सात खपली, तरी त्याने पुन्हा का मागवली नाहीत?'

'दारव्हा तालुक्यातला शेतकरी ड्रोन फवारणीला पहिल्यांदा हो म्हणण्याआधी कुणाला विचारतो?'

'वायगावची हळद बाजारातल्या हळदीपेक्षा महाग का, हे नागपूरच्या गिऱ्हाइकाला पाकिटावरच्या चार ओळींत कसं सांगू?'

तिन्ही प्रश्न मार्केटिंगचेच, पण तिघांचं वाचन वेगळं. पहिल्यासाठी गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं ते वाचावं लागेल, दुसऱ्यासाठी नवी गोष्ट समाजात पसरते कशी ते, आणि तिसऱ्यासाठी जाहिरातीतलं लिखाण. माझ्या पाहण्यात, सुरुवातीच्या काळात आपला प्रश्न 'लोकांपर्यंत पोचू कसा' हाच आहे असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. थोडं खोदलं की कळतं, 'लोकांना हे हवंय का, आणि कोणत्या लोकांना' हेच अजून नक्की झालेलं नाही. तुमचंही तसं असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. तिथे घाई करू नका.

पायरी दुसरी: गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवणारं वाचा

यासाठी मी एकच पुस्तक सांगते: रॉब फिट्झपॅट्रिक यांचं 'द मॉम टेस्ट'. २०१३ सालचं, इंग्रजीत, लहानसं, भाषा सोपी. उदाहरणं बहुतेक सॉफ्टवेअरवाल्यांची आहेत, तरी गाभा कुठेही चालतो. म्हणणं एवढंच की, आपली कल्पना कशी वाटली असं विचारलं तर माणसं आपलं मन राखतात आणि गोड बोलतात. म्हणून कल्पनेविषयी बोलूच नये. समोरच्याच्या आयुष्याविषयी विचारावं. 'पुढे घ्याल का' असं न विचारता 'मागे काय केलंत' ते विचारावं. आणि आपण कमी बोलून जास्त ऐकावं.

आपल्याकडे हे कसं दिसेल? तुम्ही चटणीचं पाकीट घेऊन शेजारच्या काकूंकडे गेलात. "काकू, आम्ही जवसाची चटणी काढली पाकिटात. घ्याल ना?" काकू म्हणणार, "घेईन ना बाप्पा, कायले नाही! लय चांगलं काम करून राहिली तू." तुम्ही खूश होऊन घरी येता. यातून हाती काही लागलेलं नाही. काकू जन्मभर घरीच जवस कुटत आल्या आहेत. पाकीट त्या विकत घेणार नाहीत, घेतलंच तर तुमच्या प्रेमाखातर एकदा.

आता दुसऱ्या तऱ्हेने. पाकीट पिशवीतच राहू द्या. "काकू, घरी चटणी शेवटची कधी केली होती?" "दिवाळीले. पोरगा पुण्याले असते ना, त्याच्यासाठी दोन किलो देतो दरसाली." "यंदा किती दिली?" "यंदा एकच किलो झाली. आता हात दुखते माये, उखळात कुटनं होत नाही. मिक्सरमंधी केली तर पीठच होते तिचं, पोरगा म्हणते चव नाही आली."

या चार वाक्यांत किती माल आहे बघा. गिऱ्हाईक काकू नाहीत, पुण्यात राहणारा त्यांचा मुलगा आहे, पण ठरवणार काकूच. विकायची वेळ दिवाळीची, म्हणजे पोरगा परत जायला निघण्याआधी. पाकीट शंभर ग्रॅमचं नको, किलोचं हवं. आणि पाकिटावरची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चटणी 'जाडसर कुटलेली' आहे. कोणत्याही कोर्समध्ये हे कुणी सांगितलं नसतं.

अशी दहा-बारा घरं झाली, की जे शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतात ते वहीत लोकांच्याच बोलीत लिहून ठेवा. 'पीठच होते तिचं' हे वाक्य प्रमाण भाषेत बदलू नका. पुढे पाकिटावर, फलकावर, व्हॉट्सॲपवर लिहिताना तेच कामी येतं.

पायरी तिसरी: पाकिटावर काय लिहायचं यासाठी शंभर वर्षं जुनं वाचा

नागपूर विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी, १९२३ मध्ये, अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स यांचं 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' हे पुस्तक आलं. लेखक १९३२ साली वारले, पुस्तकावर आता स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे ते इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतं. एकवीस छोटी छोटी प्रकरणं आहेत. जाहिरातीवर पैसे देऊन घेतलेली कितीतरी पुस्तकं याच्यापुढे फिकी पडतात, असं माझं ठाम मत आहे.

सातवं प्रकरण नेमकेपणावर आहे. त्यात बिअरच्या जाहिरातीचं उदाहरण येतं. त्या काळी सगळे कारखानदार 'आमची बिअर शुद्ध' असं ओरडून सांगत आणि कुणावर काही परिणाम होत नसे. मग एकाने शुद्ध कशी ते सांगितलं: गाळलेल्या हवेत ती कशी थंड होते, बाटल्या यंत्रावर चार वेळा कशा धुतल्या जातात, पाणी किती खोलवरून आणतात. त्याने सांगितलेलं ऐकून लोकांना पटलं, कारण 'शुद्ध' हा दावा कुणीही करू शकतो, पण तपशील देणारा काहीतरी जाणून बोलतोय असं वाटतं.

आता तुमच्या तालुक्याच्या किराणा दुकानातल्या हळदीच्या फळीसमोर उभे राहा. 'शुद्ध', 'अस्सल', 'उत्तम दर्जा'. एक पाकीट दुसऱ्यापासून ओळखू येत नाही. त्याऐवजी हळद कोणत्या शिवारातली, काढणीनंतर किती वेळ उकडली, किती दिवस उन्हात वाळवली, कोणत्या महिन्यात दळली, हे चार ओळींत लिहा. जे खरं आहे तेवढंच लिहा. मात्र नेमकं लिहा.

इथेच सरकारी वाचनाला जोडून घ्या, कारण खाण्याच्या वस्तूवर वाटेल ते लिहिता येत नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आणि लेबलबद्दलचे २०२० चे नियम त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' अशा शब्दांवरही त्यात बंधनं आहेत. मे २०२५ मध्ये तर प्राधिकरणाने '१००%' असे शब्द लेबलवर वापरू नका असा सल्लाच काढला. 'मधुमेह बरा होतो' यासारखी वाक्यं तर चुकूनही नकोत. हे वाचन कंटाळवाणं वाटेल, पण हजार पाकिटं छापून झाल्यावर ती रद्दीत घालण्यापेक्षा एक दुपार त्यात घालवलेली परवडते. निव्वळ वजन, कमाल विक्री किंमत, पॅकिंग करणाऱ्याचा पत्ता या गोष्टी वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत आहेत, तेही सोबतच पाहून घ्या.

आणखी एक फारसं कुणी न उघडणारं दालन म्हणजे भौगोलिक मानांकनाची (जीआय टॅगची) नोंदणी, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला मिळणारं कायद्याचं संरक्षण. नागपुरी संत्रा, भिवापुरी मिरची, वायगाव हळद, भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ यांना हे मानांकन आहे. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये त्या त्या मालाचं वर्णन, तो पिकणारा भाग, माती-हवामान, पद्धत, इतिहास असं सारं पुराव्यानिशी मांडलेलं असतं. वायगाव हळद विकणाऱ्याला सांगण्यासारखं जे हवं ते तिथे तयार आहे. फक्त मानांकनाचं नाव व चिन्ह आपल्या पाकिटावर वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती आधी करून घ्या.

पायरी चौथी: नवी गोष्ट गावात पसरते कशी

ड्रोन, माती परीक्षण, भाड्याची यंत्रं, शेतीचं ॲप असा नव्या तऱ्हेचा धंदा असेल तर हा भाग तुमचा. चटणी-लोणचं विकणाऱ्यांनी तो चाळला तरी पुरे.

जगभरात या विषयावर ज्याचा आधार घेतात तो अभ्यास शेतकऱ्यांवरच झाला आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास मक्याचं संकरित बियाणं आलं. ते शेतकऱ्यांत कसं पसरलं, याचा शोध ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी घेतला आणि १९४३ मध्ये तो प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली खबर सगळ्यात जास्त जणांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण पेरायचं मनावर घेतलं ते बहुधा शेजाऱ्याचं पाहून. बियाणं उघडपणे सरस असूनही सगळ्यांपर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली, आणि पहिल्यांदा घेणाऱ्यांनीही सुरुवातीला थोड्याच जमिनीत लावून पाहिलं.

याच धाग्यावर एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' लिहिलं. ते स्वतः आयोवातल्या शेतकऱ्याच्या घरातले. पुस्तक जाडजूड आहे, सगळं वाचायची गरज नाही. नवी गोष्ट लोक लवकर का स्वीकारतात याची त्यांनी दिलेली पाच कारणं शोधा आणि तेवढीच नीट वाचा: आधीच्यापेक्षा फायदा किती, आपल्या रीतीत बसते का, समजायला सोपी आहे का, थोड्या प्रमाणात करून पाहता येते का, आणि तिचा परिणाम दुसऱ्यांना दिसतो का.

शेवटची दोन कारणं आपल्याकडे फार महत्त्वाची. पाच एकरांच्या फवारणीचा दर सांगण्याऐवजी अर्ध्या एकराची फवारणी करून दाखवा, आणि तीही रस्त्याकडेच्या वावरात, जिथून लोकांचं जाणं-येणं आहे. आठवडाभराने तोच शेतकरी पारावर काय बोलतो, त्यावर तुमचा पुढचा महिना ठरणार आहे.

याला जोडून, नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणारे पॉल ग्रॅहम यांचा जुलै २०१३ चा एक निबंध जरूर वाचा. 'डू थिंग्ज दॅट डोन्ट स्केल' असं त्याचं नाव आहे आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. म्हणणं असं की, सुरुवातीची गिऱ्हाइकं आपण होऊन येत नाहीत, संस्थापकाने एकेकाला गाठून आणावी लागतात. घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीचे संस्थापक सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये दारोदार फिरले, नवे लोक जोडले आणि आधीच्यांना आपल्या घरांच्या नोंदी सुधारायला मदत केली, असा दाखला त्यात आहे. एवढी मोठी कंपनी दारोदार फिरून उभी राहिली, हे वाचलं की आठवडी बाजारात मांडी घालून बसायचा संकोच गळून पडतो.

पायरी पाचवी: आकडे वाचायची सवय

मार्केटिंगचं वाचन म्हणजे मार्केटिंगची पुस्तकं एवढंच नाही. आपल्या बाजाराबद्दलचे आकडे सरकारकडे पडून आहेत आणि त्यातले काही चक्क मराठीत आहेत. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढतं: तालुकावार पिकं, पशुधन, शाळा, बँका, कारखाने. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा हस्तपुस्तिकेत तर गावनिहाय घरं, लोकसंख्या आणि सोयी आहेत. आकडे जुने झाले, तरी कोणतं गाव मोठं, कुठे बाजार भरतो, कुठून सुरुवात करावी हे ठरवायला पुरतात. वाहनांवर अवलंबून धंदा असेल तर केंद्राच्या 'वाहन' या ऑनलाइन डॅशबोर्डवर परिवहन कार्यालयानुसार ट्रॅक्टर, दुचाकींची नोंदणी दिसते. शेतमालाचे बाजार समित्यांमधले रोजचे भाव केंद्राच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावर.

आकडा वाचून काय करायचं, याचा एक नमुना देते. केंद्राच्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दरडोई महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये आहे आणि त्यातला साधारण ४७ टक्के खाण्यापिण्यावर जातो. चौघांचं घर धरलं तर महिन्याला साडेसोळा हजारांच्या आसपास, खाण्यावर पावणेआठ हजार. त्यातून तेल, डाळ, तांदूळ, दूध, भाजी, चहा-साखर वजा करा. आता तुमचं ऐंशी रुपयांचं पाकीट या घरात नेमकं कुठल्या पैशांतून येणार? हा हिशेब कागदावर मांडला की माल गावात विकायचा की नागपूर-अमरावतीच्या बाजारात, पाकीट दहा रुपयांचं काढायचं की भेट म्हणून देण्याजोगा डबा, याचं उत्तर बरंच स्पष्ट होतं. सरासरी म्हणजे तुमचं गाव नव्हे, एवढं लक्षात ठेवा आणि आपल्या गावातल्या दोन-चार घरांत विचारून पडताळा.

दराच्या बाबतीत आपल्याच देशातली कहाणी वाचण्याजोगी आहे. १९८३ साली सी. के. रंगनाथन यांनी तमिळनाडूत 'चिक' शाम्पू आणला आणि पुढे पन्नास पैशांच्या पुडीतून तो खेडोपाडी नेला. बाटली परवडत नाही तिथे पुडी परवडते, हे आज सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कंपनीने पुडीचा दर, दुकानदाराचा नफा आणि रिकाम्या पुड्यांच्या बदल्यात नवी देण्याची योजना यांची सांगड कशी घातली, ते मुलाखतींतून वाचायला मिळतं आणि ते फार शिकवून जातं.

पायरी सहावी: दुसऱ्यांच्या जाहिराती आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय

फेसबुक-इन्स्टाग्रामवर सध्या कोण काय जाहिरात करतंय, हे मेटाच्या 'ॲड लायब्ररी'त कुणालाही पाहता येतं. देश भारत निवडा आणि 'जवस', 'हळद', 'ड्रोन फवारणी' असे शब्द मराठीत, मग हिंदीत टाकून पाहा. प्रत्येक जाहिरातीखाली ती कधीपासून चालू आहे ती तारीख असते. महिनोन् महिने चालणाऱ्या जाहिरातीवर कुणी उगाच पैसे घालत नाही. तिचं पहिलं वाक्य, फोटो आणि देऊ केलेली गोष्ट वहीत उतरवा. नक्कल करायची नाही, ती कशावर बोट ठेवते ते पाहायचं.

ऑनलाइन दुकानांतले गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडा. पाचवाले कौतुक करतात, एकवाले बहुधा कुरिअरवर रागावलेले असतात. तीन तारे देणारा माणूस विचार करून लिहितो: 'चव चांगली पण तेल वर आलं होतं', 'पाकीट एकदा उघडलं की बंद होत नाही'. दुसऱ्याच्या मालावरचे असे शंभर अभिप्राय वाचले तर आपला माल सुधारायची यादी फुकटात तयार होते.

लोक गूगलवर काय शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स शहरांच्या पातळीवर बरं काम करतं, खेड्यासाठी त्यावर विसंबू नका. शोध कमी असले की तिथे काही दिसतच नाही.

काय सोडून द्यायचं

कोणताही लेख हातात आला की आधी पाहा, लिहिणाऱ्याचं पोट कशावर चालतं. जाहिरात चालवून देणारी कंपनी 'जाहिरातीवाचून पर्याय नाही' असंच लिहिणार. ते खोटंच असेल असं नाही, पण एका बाजूचं असतं. मग पाहा, लिखाणात एखादा तरी अनुभव खर्च-विक्रीच्या आकड्यांसकट आहे का. आणि शेवटी स्वतःला विचारा, हे वाचून पुढच्या बाजाराच्या दिवशी मी काय वेगळं करेन? उत्तर सुचत नसेल तर पान बंद करा.

सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी लिहिलेलं 'फनेल' (जाहिरात पाहणाऱ्यांतून टप्प्याटप्प्याने घेणारे कसे उरतात) आणि 'ग्रोथ' (झपाट्याने वाढ) यांवरचं साहित्य सध्या बाजूला ठेवा. त्यांना हजारावं गिऱ्हाईक जोडायला जवळपास काही खर्च येत नाही. तुमचं साठ रुपयांचं पाकीट कुरिअरने पाठवायला पाकिटापेक्षा जास्त पैसे लागू शकतात. हिशेबच वेगळा आहे. फिलिप कोटलर यांचं 'मार्केटिंग मॅनेजमेंट' १९६७ पासून अभ्यासक्रमात आहे. संदर्भाला उत्तम, पण पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका. अल राइस आणि जॅक ट्राउट यांचं १९८१ चं 'पोझिशनिंग' आणि बायरन शार्प यांचं २०१० चं 'हाऊ ब्रँड्स ग्रो' ही दोन पुस्तकं मात्र वर्षभर धंदा करून झाल्यावर लागोपाठ वाचा. पहिलं म्हणतं, गिऱ्हाइकाच्या डोक्यात आपली वेगळी जागा करा. दुसरं म्हणतं, आठवायला आणि मिळायला सोपे व्हा, वेगळेपणाचं फार मनावर घेऊ नका. दोघांचं भांडण आपल्या विक्रीच्या वहीवर तपासून पाहण्यात खरा अभ्यास होतो.

पुस्तकांत न सापडणारं

उधारी आणि हंगाम. या दोन गोष्टींवर परदेशी पुस्तकं गप्प आहेत आणि आपला निम्मा बाजार त्यांवरच चालतो. खरिपाच्या पेरणीपासून पोळ्यापर्यंत शेतकऱ्याच्या हातात रोख नसते. सोयाबीन ऑक्टोबरात येतं, कापसाचा वेचा त्याच सुमारास सुरू होऊन पुढे चालतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहार फेब्रुवारीनंतर. ज्या गावात जे पीक, त्या गावात तेव्हा पैसा. एका कागदावर बारा महिने आखा, खाली गावाची पिकं मांडा, आणि लेखात 'जाहिरातीची मोहीम' असा शब्द आला की आधी या कागदाकडे पाहा. पोळ्याच्या आठवड्यात यंत्राची जाहिरात करून निराश झालेली माणसं मी पाहिली आहेत. तेच यंत्र दिवाळीनंतर विकलं गेलं.

उधारीसाठी वाचनाची जागा म्हणजे कृषी सेवा केंद्र. मालकाशी ओळख असेल तर हंगाम संपल्यावर, निवांत वेळ पाहून विचारा: काका, कोणत्या कंपनीचा माल तुम्ही हंगामाच्या बोलीवर ठेवता आणि कोणाला रोख मोजता? का? नवीन माल ठेवायला तयार झालात तर कशामुळे? ही माहिती छापील स्वरूपात कुठेच नाही. वहीत लिहा, तारीख घाला. काही महिन्यांत तुमच्या तालुक्यापुरतं वितरणाचं पुस्तक तुमच्याच हाताने तयार होतं.

इंग्रजीची अडचण आणि पुस्तकं मिळवणं

वर सांगितलेलं बरंच इंग्रजीत आहे, हे खरं. फोनमधल्या भाषांतराने मजकूर समजण्याइतका मराठीत येतो. एका वेळी एकच परिच्छेद घ्या. एआयकडून सारांश घेतलात तर नावं, वर्षं आणि आकडे मूळ पानाशी ताडून पाहा, तिथे गफलत होते. समजलं की नाही याची खूण सोपी आहे: वाचलेलं आपल्या बायकोला, भावाला किंवा गटातल्या ताईला आपल्या बोलीत, इंग्रजी शब्द न वापरता सांगता आलं पाहिजे.

विकत घेण्याआधी तालुक्याच्या शासनमान्य ग्रंथालयात जा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडे गावोगावी ग्रंथालयं आहेत आणि ती नवी पुस्तकं घेत असतात. वाचकाने नाव लिहून मागणी केली तर ग्रंथपाल सहसा विचार करतात, पण अशा विषयाची मागणी करतंच कोण? जवळ व्यवस्थापनाचं महाविद्यालय असेल तर तिथे कोटलर आणि 'पोझिशनिंग' सापडण्याचा संभव मोठा. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' मंचावर मार्केटिंगचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत ग्रामोद्योगांवर काम चालतं, खाद्यपदार्थ किंवा खादीत असाल तर एकदा जाऊन या.

वही आणि सोबत

वाचनाची वही एकच ठेवा. डाव्या पानावर प्रश्न आणि वाचलेल्यातलं एकच वाक्य, उजव्या पानावर ते करून पाहिलं तेव्हा काय झालं ते: कुठे, कोणासमोर, किती विक्री. उजवं पान कोरं असेल तोवर नवं वाचायला घेऊ नये, असा नियम करून घेतलेला बरा.

शक्य असेल तर तिघं-चौघं मिळून वाचा. धंदे वेगवेगळे असले तर उत्तम, चटणीवालीला ड्रोनवाल्याचा प्रश्न बाहेरून नीट दिसतो. आठवडी बाजार उठल्यावर तासभर बसलं तरी पुरतं. पहिल्या बैठकीला हॉपकिन्सचं सातवं प्रकरण घ्या, ते अर्ध्या तासात वाचून होतं. येताना प्रत्येकाने आपलं पाकीट, पत्रक किंवा दरफलकाचा फोटो घेऊन यावा आणि त्यावरचा कोणताही दुकानदार लिहू शकेल असा एकेक शब्द पेन्सिलीने खोडत जावा.